मागं नेलेली तारीख

फ्लॅश बंद पडलं तेव्हा मला काडीचंही वाईट वाटलं नाही. ब्राउझरमधले खेळ चालवणारं ते एक प्लगइन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेला तुकडा. बनवणाऱ्यांनीच आधी वर्दी दिली होती की अमुक तारखेनंतर हे चालणार नाही, आणि त्या तारखेनंतर खरोखरच खेळाच्या जागी नुसता करडा चौकोन दिसायला लागला. मंचर-नारायणगाव रस्त्यावर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी त्याच गाळ्यात माझा सायबर कॅफे होता. कॉलेजला जातो म्हणून घरातून निघालेली पोरं तिथं चार-चार तास बसून फुगे फोडायची, गाड्या पळवायची, माकडाला केळी चारायची. वेफर्सच्या तेलानं बरबटलेले कीबोर्ड मी सुरीनं खरवडले आहेत. मला वाटलं, पीडा टळली.

पीडा कसली टळते. जिवंत असताना शेवटी शेवटी ज्या खेळांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, ते मेल्यावर लोकांना त्यांचे उमाळे यायला लागले. पुण्यात आयटीत असलेला एकजण दिवाळीला गावी आला तो लॅपटॉप घेऊन थेट माझ्या दुकानात. त्याला त्याचं बालपण परत हवं होतं. बालपण म्हणजे काय, तर टोपी घातलेला एक बेडूक आणि त्याच्या उड्या. एवढा पगार घेणारा माणूस बेडकासाठी गळा भरून बोलतोय हे बघून मी चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर गेलो आणि पोट धरून हसून आलो. मग बाजारपेठेतले कापडवाले शेटजी आले. त्यांना कॅरम हवा होता. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या इथं काढलेल्या, मराठी माझ्याहून शुद्ध. त्यांचा कॅरम काही सापडेना म्हणून मी बदकं टिपायचा एक खेळ टाकून दिला. दुसऱ्या दिवशी मशीन परत. चित्रातलं असलं तरी मारणं ते मारणंच, आमच्यात चालत नाही, असं म्हणाले. चित्रातल्या बदकावर दया करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. पुढं पंधरा दिवस ही गोष्ट मी येईल त्याला तिखटमीठ लावून ऐकवली.

हे खेळ पुन्हा चालवायचे दोन रस्ते आहेत. एक रस्ता सरळ. जगात काही रिकामटेकड्या पण हुशार लोकांनी मिळून एक वेगळं सॉफ्टवेअर बनवलं आहे, ते जुन्या प्लगइनचं काम स्वतः करतं. ते बसवायचं, खेळाची फाइल त्यात घालायची, आवाज येतो का, बटणं चालतात का हे एकेक तपासायचं. अर्धा तास जातो. दुसरा रस्ता चोरवाट. जुना ब्राउझर, जुनं प्लगइन, इंटरनेट बंद, आणि मशीनचं घड्याळ काही वर्षं मागं. प्लगइन कचेरीतल्या कारकुनासारखं आहे, समोर कोण उभं आहे हे बघत नाही, फक्त तारीख बघतं. तारीख मागची दिसली की मुकाट्यानं खेळ सुरू करतं. याला पाच मिनिटं पुरतात. गिऱ्हाईक बरं असेल तर मी सरळ रस्ता धरायचो. गिऱ्हाईक मूर्ख वाटलं की चोरवाट. आणि मला बहुतेक सगळीच मूर्ख वाटायची.

तमाशाच्या फडाचा मॅनेजर तर पहिल्या नंबरचा.

पाडव्याच्या आधीपासून नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, आपल्या यात्रेला कुठला फड न्यायचा ते ठरवतात, विडा-सुपारी होते, कागद होतो. एका फडाची ही सगळी ठरवाठरवी हा मॅनेजर करायचा. साठीचा, केस काळेभोर रंगवलेले, बोटांत चार अंगठ्या. याच्या शब्दावर साठ-सत्तर माणसं आणि पाच ट्रक हलायचे, आणि हा राहुटीत बसून कोंबडीची अंडी झेलायचा. खेळ एवढाच. फांदीवर पाच कोंबड्या, त्या अंडी टाकतात, खाली आपण टोपली सरकवायची. समोर गावचे पंच बसलेले असले तरी याचा एक हात बाणाच्या बटणांवर. करडा चौकोन आला तसा तो लॅपटॉप काखेत मारून माझ्याकडे आला आणि म्हणाला, ते अंड्यांचं तेवढं चालू करून द्या, दुपार सरत नाही.

त्याला हाकलून देता येत नव्हतं, याचं कारण आमचे वडील.

बाबा आमच्या गावच्या यात्रा पंचमंडळात तीस वर्षं होते, आणि तमाशा ठरवून आणायचं काम पहिल्यापासून त्यांचं. गेली कित्येक वर्षं ते याच मॅनेजरकडून फड आणत. यात्रेच्या दिवशी फडाचे ट्रक फाट्यावर आले की पहिला नारळ बाबा फोडत, गावातर्फे फेटा त्यांना बांधला जाई, आणि ट्रकच्या पुढं चालत ते गावात येत. तीस वर्षांत फड आला नाही असं एकदाही झालं नव्हतं. बाबांकडे मिरवावं असं दुसरं काही नव्हतं. जमीन होती तेवढीच राहिली, बोलायला ते साधे, घरात त्यांचं कुणी ऐकत नव्हतं आणि मी तर मुळीच नाही. पण चैत्रातल्या त्या एका दिवसापुरते ते गावाचे होते. अलीकडे तरुण मंडळी कुरकुरायला लागली होती. म्हाताऱ्यांना कळत नाही, ऑर्केस्ट्रा आणू, तमाशा कोण बघतं, असं चावडीवर उघड बोलणं व्हायचं. त्या वर्षीच्या बैठकीत शेवटी असं ठरलं की यंदाचा फड बाबांनी आणावा. तो नीट पार पडला तर पुढं बघू, नाहीतर त्यांनी नारळ दुसऱ्याच्या हाती द्यावा. बाबा घरी येऊन एवढंच म्हणाले की यंदा काही कमी पडायला नको. मला हेही हास्यास्पदच वाटलं होतं. एका नारळासाठी माणूस किती जीव टाकतो.

तर मॅनेजरचा लॅपटॉप मी घेतला. सरळ रस्त्यानं जायला अर्धा तास लागला असता. मनात म्हटलं, कोंबड्यांसाठी अर्धा तास कोण घालवतो. जुना ब्राउझर टाकला, इंटरनेट तोडलं, घड्याळ मागं नेलं. कुठलं वर्ष घालावं याचा क्षणभर विचार केला आणि दोन हजार एकोणीस घातलं. करोनाच्या आधीचं, तमाशे धडाक्यात चालायचे ते वर्ष. माझा मलाच हा विनोद फार आवडला. अंडी पडायला लागली. मॅनेजरला सांगितलं, कोपऱ्यातली तारीख चुकीची दिसेल, तिच्याकडं बघू नका. तो खूश होऊन गेला.

आणि त्याच लॅपटॉपवर आदल्या वर्षी मीच एक पंचांग टाकून दिलं होतं. त्यात तिथी घातली की चालू वर्षातली इंग्रजी तारीख निघते, नुसता दिवस आणि महिना. चालू वर्ष कुठलं, हे ते पंचांग मशीनच्या घड्याळाला विचारतं. हे मला माहीत होतं. मलाच माहीत होतं, दुसऱ्या कुणाला माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात ते आलंच नाही, कारण डोक्यात त्या माणसाविषयीची तुच्छता ठासून भरलेली होती आणि तिथं दुसऱ्या कशाला जागा नव्हती.

आठवडाभरानं बाबांना मोटारसायकलवर बसवून मी राहुटीवर घेऊन गेलो. बाकीच्या बहुतेक गावांचे पंच हल्ली तारीख मोबाइलवर बघून येतात आणि तारीखच सांगतात. बाबांनी जन्मात कधी तारीख सांगितली नाही. चैत्र वद्य पंचमी, एवढंच. मॅनेजरनं दरवर्षीप्रमाणं तारीख विचारली आणि बाबांनी दरवर्षीप्रमाणं उत्तर दिलं, “देवाची यात्रा तिथीनं असती. तारीख तुमची तुमी काढा.” मॅनेजरनं कोंबड्या खाली सारल्या, पंचांग उघडलं, तिथी घातली आणि आलेली तारीख कागदावर आणि फडाच्या वहीत लिहून घेतली. मी शेजारीच बसलो होतो. पडद्याच्या खालच्या पट्टीत कोंबडीचं चित्र दिसत होतं तिकडं बघत होतो, आणि या दोघा म्हाताऱ्यांत जास्त बावळट कोण याचा विचार करत होतो.

बाबांनी कागदावर सही केली, वाचला नाही. तोही आमच्याकडचा रिवाज. ठरलेल्या फडाचा कागद घडी घालून, हळद-कुंकू लावून देवळात देवाच्या पाटाखाली ठेवायचा, आणि फड गावच्या शिवेवर आला की बाहेर काढायचा. मधे त्याला हात लावायचा नाही. देव साक्षीला आहे म्हटल्यावर वाचायचं कशाला. त्याप्रमाणं आमचा कागद पाटाखाली गेला आणि तीन आठवडे तिथंच राहिला.

पंचमीला सकाळी अभिषेक झाला, डहाळ्या वाजतगाजत आणून मांडवडहाळे झाले, दुपारी शर्यतीच्या घाटात बैलगाडे पळाले. चारच्या सुमाराला ट्रक यायला हवे होते, कारण स्टेज बांधायलाच दोन तास जातात. बाबा इस्त्रीची टोपी घालून साडेतीनलाच फाट्यावर जाऊन उभे. सोबत पंच, हलगीवाले, ताटात नारळ आणि बांधायचा फेटा. मीही होतो, गंमत बघायला म्हणूनच म्हणा. साडेचार झाले, पाच झाले. हलगीवाले थांबून थांबून रस्त्याच्या कडेला बसले. तरुणांपैकी एकानं मॅनेजरला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

मॅनेजर म्हणाला, “पावणं, तुमचं फुडल्या आठवड्यात हाय की. आज फड दुसऱ्या गावाला हाय.”

 मग एकजण गाडीवरून देवळात गेला आणि पाटाखालचा कागद घेऊन आला. घडी फाट्यावरच उलगडली. तारीख स्वच्छ अक्षरात लिहिलेली होती, पुढच्या आठवड्यातली, आणि खाली बाबांची सही. कागद हातोहात फिरला. ज्यानं त्यानं तारीख वाचायची आणि मग बाबांकडं बघायचं, असं चाललं. कागद माझ्या हातात आला तेव्हा मला पहिल्याच नजरेत कळलं. ही चूक बाबांची नव्हती, मॅनेजरचीही नव्हती. दोन हजार एकोणीस सालातली वद्य पंचमी होती ती. ते साल त्या मशीनमध्ये मी घातलं होतं.

तिथं सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी कागदाची घडी घातली आणि शेजारच्याच्या हातात दिली.

तरुण मंडळींना तर आयतंच सापडलं. सही करायच्या आधी कागद वाचतात, हे आता शिकवायचं का, असं एकजण बाबांच्या देखत म्हणाला. दुसरा म्हणाला की वयाचं आहे, चालायचंच. हे दुसरं जास्त लागणारं होतं. बाबा फाट्यावरून देवळापर्यंत चालत आले. देवळापुढं यात्रेसाठी लावलेला माइक होता, लोक जमलेले होते, पाहुणेरावळे आलेले होते. बाबांनी माइक हातात घेतला. आयुष्यात ते माइकवर कधी बोलले नव्हते, त्यामुळं तो फार जवळ धरला आणि पहिलं वाक्य नुसतंच घरघरलं.

मग ऐकू आलं. “आज फड येणार न्हाई. कागद मी वाचला न्हवता. चूक माझी हाय, फडवाल्यांस्नी कुणी बोलू नका.”

नारळाचं ताट त्यांनी, वयाचं आहे असं म्हणणाऱ्या त्या पोराच्याच हातात दिलं. फेटा ताटातच होता. मग ते घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि गोठ्यात जाऊन शेण काढायला लागले. यात्रेच्या दिवशी आमच्या घरात शेणाला कुणी हात लावत नाही. आई त्यांना काही बोलायला गेली, तिला त्यांनी हातानंच परत पाठवलं.

मला भीती वाटत होती की लाज, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. दोन्ही होतं, पण त्याच्याही खाली आणखी काहीतरी होतं. गावात सगळ्यांत शहाणा मी, असं मी वीस वर्षं धरून चाललो होतो. ते सोडायला मी तयार नव्हतो. बापाची अब्रू गेली तरी चालेल, पण कॉम्प्युटरवाल्याला घड्याळ कळत नाही असं कुणी म्हणायला नको, इतकं ते हलकं होतं.

चार दिवसांनी मॅनेजर दुकानात आला. मी काही विचारायच्या आत त्यानं लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि उघडला. रागावलेला दिसत नव्हता. त्यानं एकट्यानंच बसून सगळं शोधून काढलं होतं. भिंतीवरचं कॅलेंडर आणि पंचांग शेजारी शेजारी ठेवून एकेक तिथी ताडून बघितली होती. आणखी एका गावानं तिथी सांगितली होती, त्यांना फोन करून त्यानं वेळेत सावरलं होतं. मी ज्याला अंडी झेलणारा म्हातारा म्हणत होतो त्यानं जे हिशेबानं काढलं, ते मी उरलेल्या गावांसाठी करायला हवं होतं. चार दिवसांत मला ते सुचलंसुद्धा नव्हतं.

“तुमी तारीख मागं नेली व्हती, तीच पंचांगानं धरली,” तो म्हणाला. “तुमच्या वडलांस्नी मी सांगितलं न्हाई. म्हटलं, हे पोरानं सांगायचं असतं.”

मी मान हलवली. घड्याळ पुढं आणलं. जुना ब्राउझर काढून टाकला आणि मग तो सरळ रस्ता धरला, खेळाची फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये घातली, आवाज तपासला, बटणं तपासली. वीस मिनिटं लागली. अर्धा तासही नाही. कोंबड्या पूर्वीसारख्या अंडी टाकायला लागल्या. मॅनेजरनं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, राहू द्या, काढून टाका तो खेळ, आता त्यात जीव रमायचा नाही. मी काढून टाकला. जाताना त्यानं पुन्हा एकदा माझ्याकडं बघितलं, पण विचारलं काही नाही.

मी बाबांना सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, करत पावसाळा गेला, दिवाळी गेली. गावात त्या यात्रेचं नाव पडलं ते बाबांच्याच नावानं. लग्नात, मयतीत, कुणी कशावर सही करायला लागलं की वाचून कर रे बाबा, असं म्हणून लोक हसायचे. बाबा असले तर तेही हसायचे. पंचमंडळाच्या बैठकीला जाणं त्यांनी सोडून दिलं. यंदा तरुणांनी ऑर्केस्ट्रा ठरवला, फोनवरच, राहुटीवर कुणी गेलं नाही.

यंदाच्या पाडव्याच्या आधी एका दुपारी बाबा एसटीनं दुकानात आले. माझ्या दुकानात ते कधीच येत नाहीत. काउंटरवर फोन ठेवला, पुतण्यानं जुना झाला म्हणून दिलेला, आणि म्हणाले, “ह्यात तिथी घातली की तारीख निगती म्हणं. मला दाव.”

मी विचारलं, आता कशाला, आता तर तुम्ही पंच नाही. ते म्हणाले, असू दे, माणसानं एकदा केलेली चूक परत करू नये, तेवढं तरी शिकून ठेवतो. बोलण्यात गाऱ्हाणं नव्हतं. शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या पोरासारखे ते स्टुलावर पुढं सरकून बसले.

मी पंचांग टाकलं आणि दाखवलं. महिना इथं, पक्ष इथं, तिथी इथं. त्यांचं बोट जाडं, दोनदा भलतंच दाबलं गेलं. तिसऱ्यांदा जमलं. मग त्यांनी वर्ष मागं कसं घ्यायचं ते विचारलं आणि गेल्या वर्षीची चैत्र वद्य पंचमी घातली. खरी तारीख समोर आली. ती तारीख त्यांना पाठ होती, सगळ्या गावाला पाठ होती. बराच वेळ ते तिच्याकडं बघत राहिले. माझ्या तोंडात सगळं तयार होतं, लॅपटॉप, घड्याळ, कोंबड्या, सगळं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. जन्मभर जगाला मूर्ख म्हणत आलो, पण माझ्याइतका भिकार माणूस त्या वेळी या दोन तालुक्यांत नसेल.

“इतकं सोपं व्हतं,” बाबा म्हणाले. “मीच आडमुठा. व्हय का न्हाई?”

मी होय म्हणालो. मग फोन त्यांच्या हातातून घेऊन अक्षरं मोठी करून दिली.